मेंढपाळापासून सुरुवात

शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात सुलतान असतो, वजीर असतो, लढाई असते आणि लढाईची सनावळी असते. मशिदीतल्या संध्याकाळच्या मक्तबात नमाज, दुआ आणि अरबी अक्षरं असतात. या दोन्हींच्या मधली बरीच मोठी जागा रिकामी राहते. जुन्या काळी पाणी कोण भरत होतं, हिशेब कोण लिहीत होतं, जखमीला पट्टी कोण बांधत होतं, मशीद कोण झाडत होतं आणि समाज या माणसांकडे कुठल्या नजरेनं पाहत होता, हे मुलांना कुणी सांगत नाही. मालेगावातल्या ज्या मुलाचे वडील रात्रपाळीला यंत्रमागावर उभे राहतात, त्याला त्या सगळ्या इतिहासात आपल्या घरातल्यासारखं माणूसच भेटत नाही.

खरं तर इस्लामी परंपरेत अशा माणसांची वाण नाही. हदीसच्या संग्रहांत आणि सीरतच्या, म्हणजे प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या चरित्राच्या, पुस्तकांत बाजारातले दलाल, खजुराच्या बागेतले मजूर, लेखनिक, सुईणी, गुलाम, कातडी कमावणाऱ्या बायका सगळे नावानिशी येतात. त्यांच्याबद्दल काय घडलं तेही बारकाईनं नोंदलेलं आहे. हा साठा वापरून साधारण आठ ते तेरा वर्षांच्या मुलांना समाजातल्या जुन्या भूमिका कशा शिकवाव्यात, त्याची एक चालती रीत इथे मांडतो. घरी आई-वडिलांना, मक्तबातल्या उस्तादांना आणि शाळेतल्या बाईंना ती सारखीच वापरता येईल.

पहिला धडा मेंढपाळाचा घ्यावा. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत एक प्रसिद्ध हदीस आहे. तिचा आशय असा की तुमच्यातला प्रत्येक जण मेंढपाळ आहे आणि प्रत्येकाला त्याच्या कळपाबद्दल जाब विचारला जाईल. राज्यकर्त्याला प्रजेबद्दल, पुरुषाला घरच्यांबद्दल, स्त्रीला घराबद्दल आणि मुलांबद्दल, नोकराला मालकाच्या मालाबद्दल. मुलांना ही हदीस लगेच ऐकवू नये. आधी विचारावं, मेंढपाळ दिवसभर करतो तरी काय? आपल्याकडच्या मुलांनी पावसाळ्यानंतर रस्त्याच्या कडेनं मेंढरं हाकत जाणारे धनगर पाहिलेले असतात, त्यामुळे उत्तरं भराभर येतात. पाणी दाखवतो. लंगडणारं कोकरू खांद्यावर घेतो. रस्ता ओलांडताना गाड्या थांबवतो. संध्याकाळी मोजतो. मग पुढचा प्रश्न टाकावा: एक मेंढरू कमी भरलं तर तो काय करेल? मुलं म्हणतात, शोधायला जाईल. बाकीची मेंढरं कुणाच्या भरवशावर ठेवील? इथे वर्ग जरा थांबतो, आणि जबाबदारी ही चीज अवघड असते हे मुलांना आपसूक कळतं.

मग हदीस सांगावी आणि फळ्यावर तीन रकाने पाडावेत: कोण, कशाची राखण, जाब कुणाला. राजा, बाप, आई, नोकर या चार ओळी हदीसमध्येच आहेत. त्याखाली मुलांनी आपापल्या भर घालायच्या. शिक्षक, बसचा ड्रायव्हर, दूधवाला, वर्गाचा मॉनिटर. हा तक्ता पुढच्या सगळ्या धड्यांचा कणा आहे, म्हणून तो पुसू नये. मोठ्या कागदावर उतरवून भिंतीला लावावा. भूमिका म्हणजे मोठेपणा असा मुलांचा समज असतो. राजा सर्वांत वर आणि नोकर सर्वांत खाली. या तक्त्यात नोकराची ओळही राजाच्या ओळीइतकीच लांब निघते. त्याच्याही हाती कशाची तरी राखण आहे आणि त्यालाही तोच प्रश्न विचारला जाणार आहे. सत्ता दोघांची सारखी नव्हती हेही स्पष्ट सांगावं. ज्याचा कळप मोठा त्याचा हिशेब लांब, एवढं मुलांना नीट समजतं.

याच धड्यात दोन गोष्टी जोडता येतात. प्रेषितांनी स्वतः लहान वयात मक्केतल्या लोकांच्या शेळ्या-मेंढ्या थोड्याशा मजुरीवर राखल्या होत्या, आणि मेंढ्या न राखलेला एकही पैगंबर झाला नाही असं त्यांनी सांगितल्याची नोंद बुखारीत आहे. हजरत मूसा मद्यनला पोचले तेव्हा त्यांनी एका वृद्ध गृहस्थाशी आठ वर्षं चाकरीचा करार केला आणि इच्छा असेल तर दहा पुरी करायची ठरलं, ही कथा कुरआनात आहे. चाकरी, मजुरी, करार या गोष्टी पैगंबरांच्याही आयुष्यात होत्या हे कळलं की मुलांच्या मनात पुढचं बरंच सोपं होतं.

दुसऱ्या टप्प्यात मदीना शहर उभं करावं. इसवी सन ६२२ मध्ये मक्केतून हिजरत करून आलेले मुहाजिर बहुतेक व्यापारी घरांतले होते. मदीनेचे अन्सार खजुराच्या बागा करणारे. म्हणजे एका बाजूला ज्यांना शेती येत नव्हती अशी बेघर माणसं आणि दुसऱ्या बाजूला जमीन असलेली पण आधीच ओढगस्तीतली माणसं. प्रेषितांनी एकेका मुहाजिराची एकेका अन्सारशी भावाची जोडी लावली. त्यातली एक जोडी मुलांना नक्की सांगावी. साद बिन रबी यांनी अब्दुर्रहमान बिन औफ यांना आपल्या मालमत्तेतला निम्मा वाटा देऊ केला. अब्दुर्रहमान यांनी त्यांना दुवा दिली आणि विचारलं, इथला बाजार कुठे आहे? मग ते बनू कैनुकाच्या बाजारात गेले आणि वाळवलेलं पनीर आणि तूप विकून संध्याकाळी नफा घेऊन आले. देणाऱ्याचं मन आणि घेणाऱ्याचा स्वाभिमान दोन्ही या एका गोष्टीत आहेत. मुलांना विचारावं, तुम्ही असता तर निम्मा वाटा घेतला असता का? दोन्ही उत्तरं येतात आणि दोन्ही ऐकून घ्यावीत. अडचणीत मदत घेण्यात लाज नाही हेही मुलांना कळायला हवं.

यानंतर शहरातली माणसं एकेक करून आणावीत. कोण कुणाचा नातलग आणि कुठल्या कबिल्याचा, यावर सुरुवातीला वेळ घालवू नये. हातातल्या कामानं ओळख करून द्यावी. जैद बिन साबित हा हिजरतीच्या वेळी अकरा वर्षांच्या आसपासचा मुलगा. त्यानं ज्यूंची लिपी थोड्याच दिवसांत शिकून घेतली आणि प्रेषितांची पत्रं लिहिण्या-वाचण्याचं काम केलं. पुढे हजरत अबू बक्र यांच्या काळात कुरआनाची पानं एकत्र करण्याची जबाबदारी त्याच्यावरच आली. शिफा बिन्त अब्दुल्लाह यांना लिहिता येत होतं आणि त्यांनी प्रेषितांची पत्नी हजरत हफसा यांना लिहायला शिकवलं. रुफैदा या जखमींची शुश्रूषा करत. ६२७ मधल्या खंदकाच्या लढाईत साद बिन मुआज यांच्या हाताची शीर बाणानं तुटली तेव्हा त्यांना मशिदीतल्या रुफैदांच्या तंबूत ठेवलं होतं आणि प्रेषित त्यांची रोज विचारपूस करत. जैनब बिन्त जहश, याही प्रेषितांच्या पत्नी, कातडी कमावत, शिवत आणि त्या कमाईतून गरिबांना देत. बद्रच्या लढाईत कैद झालेल्या ज्या मक्कावासीयांकडे खंडणीला पैसे नव्हते पण लिहिता येत होतं, त्यांनी मदीनेतल्या मुलांना लिहायला शिकवून सुटका मिळवली, असंही सीरतच्या पुस्तकांत आहे. शत्रूसुद्धा शिक्षक होऊ शकतो, ही गोष्ट मुलांना फार आवडते.

पण या सगळ्यांत मशीद झाडणाऱ्या बाईला सर्वांत जास्त वेळ द्यावा असं माझं ठाम मत आहे. मदीनेच्या मशिदीत झाडलोट करणारी एक सावळी, गरीब स्त्री होती. काही रिवायतींत तिचं नाव उम्म मिहजन असं येतं. ती दिसेनाशी झाली तेव्हा प्रेषितांनी चौकशी केली. लोक म्हणाले, ती वारली. मला का कळवलं नाही, असं त्यांनी विचारलं. लोकांना तिचं मरण तेवढं महत्त्वाचं वाटलं नव्हतं. त्यांनी परस्पर दफन उरकलं होतं. प्रेषितांनी तिची कबर दाखवायला सांगितली, तिथे गेले आणि तिच्यासाठी नमाज अदा केली.

ही गोष्ट सांगताना घाई करू नये. मुलांना तीन प्रश्न विचारावेत आणि प्रत्येकासमोर थांबावं. लोकांनी का कळवलं नाही? प्रेषितांना ती नाही हे कसं लक्षात आलं? आणि ते कबरीवर गेले तेव्हा ज्यांनी कळवलं नव्हतं त्यांना काय वाटलं असेल? पहिल्या प्रश्नाचं उत्तर महत्त्वाचं आहे, कारण ते लोक वाईट नव्हते. ते प्रेषितांचे साथी होते, आणि तरीही एका झाडूवालीचं मरण त्यांना किरकोळ वाटलं. समाज माणसांची उतरंड कशी लावतो आणि चांगल्या माणसांनाही ती कशी दिसत नाही, हे दहा वर्षांच्या मुलाला यापेक्षा सरळ कुठे समजेल? दुसऱ्या प्रश्नावर मुलं सांगतात, ते रोज पाहत असतील. एवढं उत्तर पुरे. मग गृहपाठ द्यावा: आपल्या शाळेत झाडलोट कोण करतं, त्यांचं नाव काय, त्या कुठून येतात. बहुतेक मुलांना नाव माहीत नसतं. दुसऱ्या दिवशी माहीत असतं.

एक काळजी इथे घ्यायला हवी. मुलांना नाटुकलं करायला आवडतं, पण प्रेषितांची किंवा त्यांच्या साथीदारांची भूमिका कुणालाही देऊ नये, त्यांची चित्रंही काढून घेऊ नयेत. मुस्लिम घरांत ते मान्य नाही आणि त्याचा मान राखायला हवा. यातून मार्ग सोपा आहे. नाव नसलेली माणसं नाटकात आणावीत: बाजारातला धान्यवाला, गिऱ्हाईक, पखाल घेऊन आलेला भिश्ती, लेखनिक, हमाल. मूळ प्रसंग शिक्षकांनी तोंडी सांगावा आणि मुलांनी त्यातली परिस्थिती आजच्या माणसांवर बेतून करावी.

धान्यवाल्याचा प्रसंग तर डोळ्यांसमोर करून दाखवण्यासारखा आहे. मुस्लिमच्या संग्रहात येतं की बाजारातून जाताना प्रेषितांनी धान्याच्या ढिगात हात घातला तर आत ओल लागली. दुकानदार म्हणाला, पाऊस लागला. मग ओलं धान्य वर का ठेवलं नाहीस, लोकांना दिसलं असतं, असं त्यांनी विचारलं आणि फसवणूक करणारा आपल्यातला नव्हे असं बजावलं. वर्गात एका परातीत तळाला पाण्यात भिजवलेली ज्वारी घालावी, वर कोरडी पसरावी आणि मुलांना आधी नुसतं पाहून भाव ठरवायला लावावा. मग एकेकानं हात घालायचा. बोटं ओली झाली की कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही. त्यानंतर कुरआनातल्या त्र्याऐंशीव्या सूरेचा विषय काढावा. तिची सुरुवातच मापात मारणाऱ्यांना दिलेल्या इशाऱ्यानं होते, घेताना माप भरून घ्यायचं आणि देताना कमी द्यायचं या वागण्यावर.

इथून थेट मध्ययुगात उडी मारता येते. मुस्लिम शहरांत मुहतसिब नावाचा अधिकारी असे. बाजारातली वजनं-मापं तपासणं, भेसळ पकडणं, रस्त्यात अडथळा होऊ न देणं ही त्याची कामं. इतिहासकार इब्न खल्दूननं १३७७ साली लिहून काढलेल्या मुकद्दमा या ग्रंथात या पदाची माहिती आहे. त्यातल्या दोन गोष्टी मुलांना लगेच आपल्याशा वाटतात. हमालांवर आणि होड्यांवर बेताबाहेर ओझं लादू न देणं हे मुहतसिबाचं काम होतं, आणि मक्तबातल्या मास्तरांनी मुलांना फार मारलं तर त्यांना आवरणं हेही त्याचंच काम होतं. आपल्याकडे हे काम आज वैधमापन निरीक्षक करतात. मुलांना किराणा दुकानात पाठवून वजनावरचा शिक्का शोधायला सांगावं. तक्त्यात एक नवी ओळ येते: निरीक्षक, लोकांच्या हक्काची राखण, जाब सरकारला आणि देवाला.

आता अवघड भाग. बिलाल यांची गोष्ट सांगितली की कुणीतरी मुलगा हमखास विचारतो, अबू बक्र यांनी त्यांना विकतच घेतलं ना? म्हणजे माणसं विकत मिळायची? हा प्रश्न टाळू नये, आणि थातूरमातूर उत्तर तर मुळीच देऊ नये.

सांगावं ते असं. त्या काळी अरबस्तानात, रोममध्ये, इराणात, जवळजवळ सगळीकडे गुलामगिरी होती. बिलाल हबशी वंशाचे, मक्केत उमय्या बिन खलफच्या मालकीचे गुलाम. इस्लाम स्वीकारल्याबद्दल त्यांचे हाल केले गेले. अबू बक्र यांनी त्यांना विकत घेऊन मुक्त केलं आणि ते इस्लामचे पहिले मुअज्जिन झाले. ६३० मध्ये मक्का जिंकल्यावर त्याच बिलालनी काबागृहावर चढून अजान दिली. ज्या शहरात त्यांना तापल्या वाळूवर झोपवलं होतं, त्याच शहरात. कुरआनानं गुलाम मुक्त करणं हे पुण्यकर्म ठरवलं, कित्येक चुकांचं प्रायश्चित्त म्हणून ते सांगितलं आणि जकातीच्या खर्चाच्या आठ बाबींमध्ये मुक्ततेची एक बाब ठेवली.

आणि मग हेही सांगावं की गुलामगिरी त्यामुळे लगेच संपली नाही. मुस्लिम राज्यांत ती पुढे शेकडो वर्षं चालू राहिली. ट्युनिसच्या अहमद बेनं ती १८४६ मध्ये बंद केली; सौदी अरेबियात तर ती १९६२ मध्ये कायद्यानं संपली. शिकवण एकीकडे आणि माणसांचं वागणं दुसरीकडे, हे अंतर मुलांपासून लपवलं तर मोठी झाल्यावर त्यांना ते कुठूनतरी कळणारच, आणि तेव्हा ती आपल्या सांगण्यावरचा सगळाच विश्वास काढून घेतील. दहा-बारा वर्षांचं मूल हे अंतर समजू शकतं. घरात खोटं बोलू नये म्हणतात आणि फोनवर घरी नाही म्हणून सांग असंही म्हणतात, हे त्यानं पाहिलेलं असतं.

याच ठिकाणी प्रेषितांचे साथी अबू जर यांची हकिकत उपयोगी पडते. त्यांनी एकदा एका माणसाला त्याच्या आईवरून हिणवलं. प्रेषितांनी त्यांना सुनावलं की तुझ्यात अजून अज्ञानकाळाचा अंश आहे. तुमचे सेवक हे तुमचे भाऊ आहेत, आपण खातो ते त्यांना खायला द्या, आपण नेसतो ते त्यांना द्या, झेपणार नाही असं काम सांगू नका आणि सांगितलंच तर हातभार लावा. पुढे कितीतरी काळानं रबजा इथे एका माणसानं अबू जर यांना पाहिलं, तेव्हा त्यांच्या आणि त्यांच्या गुलामाच्या अंगावर सारखीच वस्त्रं होती. त्यानं कारण विचारलं म्हणून ही सगळी हकिकत आपल्यापर्यंत पोचली. मुलांना मी म्हणेन, त्या दोन सारख्या कपड्यांकडे बघा. एका माणसाला बोललेलं लागलं आणि त्यानं ते आयुष्यभर अंगावर वागवलं. आपल्या घरात कामाला येणाऱ्या मावशींचा चहाचा कप वेगळा ठेवलेला असेल, तर हा धडा त्या कपापाशी येऊन पोचतो आणि तो पोचलाच पाहिजे.

बिलाल यांच्या पाठोपाठ मलिक अंबर यांना आणणं महाराष्ट्रातल्या मुलांसाठी अगदी स्वाभाविक आहे. १५४८ च्या सुमारास इथिओपियात जन्म, लहानपणी गुलाम म्हणून विक्री, बगदादच्या बाजारातून दख्खनेत, निजामशाहीच्या चंगीझखान या वजिराच्या सेवेत. चंगीझखान स्वतःही हबशी आणि एके काळचा गुलाम. पुढे मलिक अंबरनं निजामशाहीचा कारभार हाती घेतला, मुघलांना वर्षानुवर्षं झुंजवलं, १६१० मध्ये खडकी हे शहर वसवलं, जे आजचं छत्रपती संभाजीनगर, आणि तिथे नहर-ए-अंबरी ही भूमिगत कालव्यांची पाणीयोजना बांधली. जमिनीच्या मोजणीवर आधारलेली त्याची महसूलपद्धतही नावाजलेली. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूनं लढले. १६२६ मध्ये तो वारला; कबर खुल्दाबादला आहे. शक्य असेल तर मुलांना तिथे न्यावं. मात्र मलिक अंबर मोठा झाला म्हणून गुलामगिरी बरी होती असं कुणाच्या मनात राहू देऊ नये. त्याच्याबरोबर विकली गेलेली बाकीची मुलं कुठे गेली, हा प्रश्न शिक्षकानं स्वतःहून विचारावा.

स्त्रियांच्या भूमिकेबद्दल दोन टोकांची वाक्यं मुलांच्या कानावर पडत असतात. एक म्हणजे पूर्वी बायका घराबाहेर पडतच नव्हत्या, आणि दुसरं म्हणजे सुरुवातीच्या मुस्लिम समाजात बायकांना सगळं मोकळं होतं. दोन्ही पुराव्यापुढे टिकत नाहीत. हजरत खदीजा मक्केतल्या बड्या व्यापारी होत्या. त्या स्वतः काफिल्याबरोबर शामला, म्हणजे सीरियाकडे, जात नसत. विश्वासू माणसाकडे माल सोपवून नफ्यात वाटा देत. तरुण मुहम्मद (स.) यांची त्यांनी अशीच नेमणूक केली होती, त्यांच्या प्रामाणिकपणाची ख्याती ऐकून. म्हणजे भांडवल बाईचं, प्रवास पुरुषाचा, आणि मधे भरवसा. ६२८ मध्ये हुदैबियाच्या तहानंतर नाराज झालेले साथी जागचे हलेनात, तेव्हा काय करावं हे प्रेषितांच्या पत्नी हजरत उम्म सलमा यांनी सुचवलं, प्रेषितांनी ते ऐकलं आणि पेच सुटला. आणि घरातल्या कामाचं? प्रेषित घरी काय करत, असं त्यांच्या पत्नी हजरत आयेशा यांना कुणी विचारलं तेव्हा घरच्यांच्या कामात असत, नमाजची वेळ झाली की जात, असं त्यांनी सांगितलं. आपले जोडे दुरुस्त करणं, कपडे शिवणं ही कामं ते स्वतः करत असंही वर्णन आहे. मुलग्यांच्या वर्गात हे जरा मोठ्यानं वाचावं. आपल्या घरी जेवल्यावर ताट कोण उचलतं, हा पुढचा प्रश्न त्यातूनच निघतो.

शेवटचा टप्पा मुलांच्या आडनावांचा. महाराष्ट्रातल्या कुठल्याही उर्दू किंवा मराठी शाळेच्या हजेरीपटावर अत्तार, तांबोळी, बागवान, मणियार, पिंजारी, मोमीन, शिकलगार ही नावं सापडतात. ही सगळी कामांशी जोडलेली नावं. अत्तर, पान, फळं-भाजी, बांगड्या, कापूस, विणकाम, हत्यारांना धार. मुलांना घरच्या वडीलधाऱ्यांना गाठायला पाठवावं. दादाजान काय काम करत? अवजारं कोणती? काम कुणी शिकवलं? माल कुठे विकला जायचा? ते काम का सुटलं? एका पानावर मावेल एवढंच लिहून आणायचं, शक्य झालं तर अवजाराचं चित्र काढायचं. पिंजाऱ्याची पिंजण, शिकलगाराचं चाक, विणकराचा धोटा अशी चित्रं भिंतीवर शेजारी शेजारी लागली की वर्गाचं रूपच बदलतं.

आणि इथे एक जुनं साधन हाताशी आहे, ज्याची आठवण फार थोड्यांना उरली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या सुरुवातीला हिंदुस्थानात उर्दूतून कसबनामे छापले जात. विणकर, शिंपी, लोहार, सुतार, न्हावी अशा एकेका कसबासाठी छोटी पुस्तिका. बरंचसं सवाल-जवाबाच्या रूपात. या कामाची सुरुवात कोणत्या पैगंबरापासून झाली, अवजार हातात घेताना काय म्हणावं, उमेदवारानं कसं वागावं. शिंप्यांनी आपली परंपरा हजरत इद्रीस यांच्यापासून मानली, सुतारांनी नौका बांधणाऱ्या हजरत नूह यांच्यापासून, लोहारांनी हजरत दाऊद यांच्यापासून, ज्यांच्या हाती लोखंड मऊ झालं आणि ज्यांनी चिलखतं घडवली असं कुरआनात आहे. विणकरांनी हजरत शीस यांना आपला मूळपुरुष मानलं. समाज ज्यांना कमी लेखत होता त्या कारागिरांनी स्वतःच्या कामाला अशी उंची दिली, आणि तीच पोरांना शिकवली. याच ओढीतून पुढे उत्तरेकडच्या विणकरांनी अन्सारी हे नाव धरलं, पिंजाऱ्यांनी सूफी संत मन्सूर हल्लाज यांच्यावरून मन्सूरी.

मोठ्या मुलांना इथे एक फरक जरूर समजावून द्यावा. हजरत दाऊद यांच्या हातच्या कमाईबद्दल कुरआन-हदीसचा आधार आहे. अमक्या गावचे लोहार त्यांचे वंशज आहेत, ही श्रद्धेनं जपलेली आठवण आहे. दोन्हींचा मान ठेवावा, पण दोन्ही एकाच खणात ठेवू नयेत. हीच शिस्त सगळ्याच गोष्टींना लावावी. प्रेषितांवर रोज कचरा टाकणाऱ्या म्हातारीची गोष्ट आपल्याकडे मुलांच्या कितीतरी पुस्तकांत आहे, पण हदीसच्या भरवशाच्या संग्रहांत ती नाही. खऱ्या, आधार असलेल्या गोष्टी इतक्या असताना अशा कथेची गरज पडू नये. शंका आली तर जवळच्या जाणत्या आलिमांना विचारावं. ते आनंदानं सांगतात.

आडनावांच्या धड्यात आणखी एक प्रश्न येणारच. माणसांच्या जमाती आणि कबिले एकमेकांची ओळख पटावी म्हणून आहेत आणि श्रेष्ठपण फक्त ईशपरायणतेत आहे, असं कुरआनाच्या एकोणपन्नासाव्या सूरेत सांगितलेलं असताना, सोयरीक जुळवताना आधी बिरादरी का विचारतात? बारा वर्षांच्या मुलीनं हे विचारलं तर तिला गप्प बसवू नये. आपल्या मुस्लिम समाजात कामावरून उच्चनीचता पडली, ती अजूनही आहे, आणि यातल्या अनेक बिरादऱ्या राज्याच्या इतर मागासवर्गीयांच्या यादीत आहेत त्याचं कारणही हेच, असं सरळ सांगावं. मग भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट दाखवावं. त्यात जन्माचा रकाना नाही.

हा सगळा क्रम आठवड्याला एक तास धरला तर एका सहामाहीत आरामात होतो. वर्गात मुस्लिम नसलेली मुलं असतील तर उलट चांगलंच. कुंभार, लोहार, माळी, कोष्टी ही नावं त्यांच्याकडेही आहेत आणि त्यांच्या घरच्या हकिकतीही त्याच भिंतीवर लागू शकतात. परीक्षा घेऊ नये. घ्यायचीच तर मुलाला एका माणसाची ओळख पाच मिनिटं करून द्यायला सांगावी, त्याच्या कामासकट.

वाचकांना एक विनंती. तुमच्या घरात, गावच्या मशिदीच्या कपाटात किंवा एखाद्या जुन्या दुकानात उर्दू कसबनाम्याची प्रत असेल तर ती रद्दीत जाऊ देऊ नका. तिची पानं फोनवर टिपून ठेवा, जवळच्या उर्दू वाचनालयाला दाखवा, आणि घरात ते काम केलेलं कुणी हयात असेल तर त्यांना पोरांसमोर बसवून त्यातले सवाल विचारा. उत्तरं देणारी पिढी आता फार थोडी उरली आहे.